हाताच्या मापाची भेग: इंडियन क्रीकमधला सुपरक्रॅक चढताना

सह्याद्रीत सुळके चढलेल्या माणसाला भेग नवी नसते. पण आपल्या काळ्या कातळातली भेग दर हातभर रूप बदलते. कुठे रुंदावते, कुठे माती-गवताने बुजलेली असते, कुठे आत हात घातला की आयती खोबण सापडते. अमेरिकेत युटा राज्यातल्या इंडियन क्रीकच्या लाल भिंतींवर तसं नाही. तिथे एकाच रुंदीची भेग पायथ्यापासून तीस-तीस मीटर सरळ वर जाते. हा लेख ज्याच्याबद्दल आहे तो सुपरक्रॅक हा तिथल्याच एका भिंतीवरचा मार्ग. धरायला खाच नाही, उभं राहायला पायरी नाही. पहिल्या मीटरला जो हात जसा अडकवला, तोच हात तसाच शेवटच्या मीटरपर्यंत अडकवत जायचा.

म्हणूनच तिथे मार्गाच्या नावापुढे लिहिलेली अवघडपणाची श्रेणी (5.9, मग 5.10, मग 5.11 अशी चढत जाणारी) बघून बेत आखू नये. 5.10 हा आकडा ज्याने दिला, त्याच्या पंजाला ती भेग चपखल बसत होती. तुमच्या पंजाला ती एक सेंटिमीटर रुंद असली तर तोच मार्ग तुमच्यासाठी 5.11 होतो, आणि नेमकी बसली तर 5.9 सारखा वाटतो. आधी स्वतःच्या हाताचं माप घ्यायचं आणि मग मार्ग, फ्रेंड (पडताना आधार मिळावा म्हणून भेगेत अडकवायचं स्प्रिंगवालं साधन), टेप, विश्रांती हे सगळं त्या मापावरून ठरवायचं. पुढे जे लिहिलं आहे त्याचा कणा हाच आहे.

हा लेख बिले देता येणाऱ्या (म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळता येणाऱ्या), अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, तपासता येणाऱ्या आणि निदान काही बोल्टवाले (कातळात कायमच्या ठोकलेल्या आधारांचे) मार्ग लीड केलेल्या, म्हणजे दोर घेऊन पहिल्यांदा पुढे चढलेल्या गिर्यारोहकांसाठी आहे. भेगेतलं लीड वाचून शिकता येत नाही. आधी जाणत्या माणसाच्या मागून सेकंड म्हणून चढा, त्याने लावलेला प्रत्येक फ्रेंड काढताना नीट बघा, मग लीडचा विचार करा.

दगड कसा आहे

इंडियन क्रीकच्या भिंती विंगेट वालुकाश्माच्या आहेत. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या दबून हा खडक झाला. त्याच्याखाली चिन्ले नावाचा मऊ थर आहे. तो झिजला की वरच्या विंगेटचा आधार जातो आणि उभ्या सांध्यावरून अख्खेच्या अख्खे चिरे निखळून पडतात. मागे राहते ती सपाट, उभी भिंत आणि तिच्यातल्या सरळ भेगा. भेगेच्या दोन्ही बाजू समांतर का असतात त्याचं उत्तर या घडणीत आहे. एकाच खडकाला गेलेला तो तडा आहे, दोन्ही काठ अजून एकमेकांना जुळतात.

भिंतीवर अनेक ठिकाणी लोह आणि मँगेनीजचा काळपट, चकचकीत थर दिसतो. तो कठीण असतो. जिथे ताजा गुलाबी-लाल दगड उघडा पडलेला आहे तिथे तो मऊ, वाळू सुटणारा असतो. चढताना हा फरक डोळ्यांनी टिपायची सवय लावा, कारण फ्रेंड कुठे लावायचा हे त्यावर ठरतं.

आता पावसाबद्दल, आणि इथे तडजोड नाही. वालुकाश्माचे कण ज्या सिमेंटने धरलेले असतात ते पाण्याने कमकुवत होतं. भिजलेला दगड वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो. अशा वेळी काठ तुटतात, फ्रेंड दगड फोडून निसटतात, आणि तुमच्या एका हट्टापायी मार्ग कायमचा बिघडतो. पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर निदान 24 ते 72 तास थांबायचं. भिंतीच्या पायथ्याची माती बोटभर उकरून बघा. आत ओल लागली तर दोर गाडीतच राहू द्या. आपल्याकडे बेसाल्ट पावसानंतर फक्त निसरडा होतो आणि उन्हात एका दुपारी सुकतो. ती सवय घेऊन तिकडे जाऊ नका. भारतातून खास सुट्टी काढून आलेल्याला हे जड जातं, म्हणून बेतातच दोन दिवस मोकळे ठेवा.

चांगला मोसम म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. उन्हाळ्यात भिंती तापतात, घामेजलेला पंजा अडकत नाही. नोव्हेंबरात दिवस छान, पण रात्री पारा शून्याखाली जातो. थंडीच्या दिवसांत उन्हातली भिंत निवडा, उबदार दिवसांत सावलीतली.

पंजाचं माप

गिर्यारोहक भेगेची रुंदी फ्रेंडच्या नंबरात बोलतात. ब्लॅक डायमंडच्या कॅमलॉटचे रंग आणि नंबर तिथे सगळ्यांच्या तोंडी असतात, तेव्हा तेच शिकून घ्या. लाल 1 नंबर साधारण 30 ते 52 मिलिमीटर उघडतो, पिवळा 2 नंबर 37 ते 65, निळा 3 नंबर 51 ते 88, आणि राखाडी 4 नंबर 66 ते 115. त्याखाली हिरवा 0.75 आणि जांभळा 0.5, म्हणजे बोटांच्या भेगा.

मध्यम पुरुषी पंजाला पिवळा 2 नंबर नेमका बसतो. पंजा मनगटापर्यंत आत जातो, अंगठा दुमडला की घट्ट होतो. लाल 1 नंबरच्या भेगेत त्याच माणसाचा पंजा जेमतेम बोटांच्या मुळापर्यंत शिरतो आणि निळ्या 3 नंबरात तो सैल पडतो. पण लहान पंजाच्या माणसाचं गणित सगळं एक नंबर खाली सरकतं. लाल भेग त्याला चपखल, पिवळी जरा सैल, आणि निळ्यात चक्क मूठ बसते. आपल्यातल्या पुष्कळ मुलींना आणि बारीक चणीच्या मुलांना हे लागू आहे. 'सगळ्यांना सोपी' म्हणून सांगितलेली 3 नंबरची भेग त्यांचा घाम काढते, आणि भल्याभल्यांना न जमणारी अरुंद भेग ते आरामात चढून जातात.

माप घ्यायची रीत साधी आहे. एखाद्या मित्राचे फ्रेंड घ्या. दांड्यावरचा खटका ओढून फ्रेंड निम्मा आखडा, त्याच्या पाकळ्यांमधलं (दगडाला टेकणाऱ्या धातूच्या भागांमधलं) अंतर पट्टीने मोजा, आणि तेवढ्या अंतरावर दोन फळ्या समोरासमोर पक्क्या करून मध्ये पंजा घाला. तीन नोंदी करा: कुठल्या रुंदीला पंजा चपखल, कुठल्या रुंदीला बोटंच जातात, कुठल्या रुंदीला मूठ. या तीन नोंदींवर तुमचा अख्खा प्रवास आखता येतो.

घरचा सराव

त्याच फळ्या सरावालाही उपयोगी. दोन जाड, रुंद फळ्या समांतर ठेवून लांब नटबोल्टने आवळल्या की हवी ती रुंदी मिळते. फळ्यांच्या आतल्या कडा रंधून गोल करा, नाहीतर मनगट सोलतं. ही चौकट भिंतीला तिरकी किंवा छताला आडवी बसवतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गच्चीची परवानगी मिळवणं हेच यातलं अवघड काम. रोज अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस, इतकं पुरे. ताकदीपेक्षा कातडीची आणि पावलांच्या हाडांची सवय होणं महत्त्वाचं.

वालुकाश्माचा स्पर्श जवळपास हवा असेल तर कर्नाटकातल्या बदामीला जा. तो दगड विंगेटपेक्षा कितीतरी जुना आणि कठीण, आणि तिथले बहुतेक मार्ग बोल्टवाले. तरी भेगा आहेत, आणि वाळूच्या दगडावर पाऊल कसं धरतं ते तिथे कळतं.

टेप

भेगेत पंजाची पाठ घासते. बाजारात भेगांसाठीचे रबरी हातमोजे मिळतात, चांगले असतात, आणि पहिल्याच खेपेला तेच घ्या असं मी सांगेन. पण 1 आणि 2 नंबरच्या मधल्या, जेमतेम शिरणाऱ्या भेगेत मोज्याची जाडीही नडते. तिथे टेप बरा. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारा कापडी झिंक ऑक्साइड टेप चालतो, साधारण 4 सेंटिमीटर रुंदीचा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पंजाच्या पाठीवर केस असतील तर आदल्या दिवशी काढा. पहिली पट्टी मनगटापासून निघून तर्जनीच्या मुळाशी जाते, तिथे अर्ध्या रुंदीत फाडून बोटाभोवती फिरवायची आणि परत मनगटाशी आणायची. तसंच करंगळीला, मग मधल्या दोन बोटांना. आता पंजाच्या पाठीवर आडव्या पट्ट्या, एकीवर एक थोडी चढवत, बोटांच्या मुळाच्या हाडांपासून मनगटापर्यंत. तळवा उघडाच राहिला पाहिजे. शेवटी मनगटाभोवती दोन वेढे, आणि ते घेताना मूठ गच्च आवळलेली असू द्या. मोकळ्या हाताला वेढे दिले तर चढताना मनगट फुगतं आणि बोटांना मुंग्या येतात. काम झाल्यावर मनगटाच्या आतल्या बाजूने कात्रीने कापून अख्खा मोजा उतरवा. तोच दुसऱ्या दिवशी परत घालता येतो.

बूट सपाट तळाचे आणि ताठ घ्या. बोटं आत सरळ राहिली पाहिजेत. स्पोर्ट क्लाइंबिंगचे वाकडे, घट्ट बूट भेगेत असह्य होतात. घोट्यावर चढणारा बूट मिळाला तर आणखी चांगलं. आणि हेल्मेट घाला, वरून वाळूबरोबर खपल्याही येतात.

फ्रेंड: किती आणि कसे

1976 साली अर्ल विगिन्स, एड वेबस्टर आणि ब्रायन बेकर यांनी सुपरक्रॅक चढला तेव्हा आजच्यासारखे फ्रेंड बाजारात नव्हते. विगिन्सने तो लीड केला हेक्सच्या, म्हणजे भेगेत अडकवायच्या षटकोनी धातूच्या ठोकळ्यांच्या भरवशावर, आणि समांतर, मऊ दगडात माणूस पडला तर ते टिकतील याची कोणालाच खात्री नव्हती. रे जार्डिनने घडवलेले स्प्रिंगवाले फ्रेंड 1978 च्या सुमारास इंग्लंडच्या वाइल्ड कंट्रीने विकायला आणले आणि इंडियन क्रीक खऱ्या अर्थाने खुलं झालं. सह्याद्रीत अजूनही लोक कुठल्याही कंपनीच्या या साधनाला 'फ्रेंड'च म्हणतात.

बेसाल्टच्या वेड्यावाकड्या भेगेत चोकनट (पाचरीसारखे धातूचे तुकडे) छान बसतात, कारण भेग खाली निमुळती होते. इथे निमुळतं काहीच नाही, नट सरळ घसरून बाहेर येतो. त्यामुळे सगळा भार फ्रेंडवर, आणि तेही एकाच मापाच्या फ्रेंडवर. एखाद्या मार्गाला एका नंबरचे पाच-सहा लागणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. इतके कोणाकडेच नसतात. दोन-तीन जोड्या एकत्र येऊन साधनं जमा करतात, म्हणून आपापल्या फ्रेंडला रंगीत टेपची खूण आधीच करा.

लावण्याची पद्धत बारकाईने बघा. चढता चढता छातीच्या उंचीवर हात न्या. डोक्यावर हात ताणून फ्रेंड लावायचा मोह होतो, पण समांतर भेगेत त्याचा फायदा नाही. दंड थकतो, पाकळ्या दिसत नाहीत, आणि क्लिप करायला, म्हणजे दोर फ्रेंडला अडकवायला, दोरही जास्त ओढावा लागतो. लावायच्या जागी बोट फिरवून सैल वाळू झाडा. खटका ओढून पाकळ्या आखडा, फ्रेंड भेगेच्या काठापासून दोन-तीन सेंटिमीटर तरी आत सरकवा, खटका सोडा. आता बघा, नुसतं ओढून बघू नका. चारही पाकळ्या दगडाला सारख्या टेकल्या आहेत का? फ्रेंड निम्म्याहून थोडा जास्त आखडलेला आहे का? फार उघडा असेल तर जरा सरकला की निसटेल. पूर्ण आखडलेला असेल तर काढता येणार नाही. दांडा खालच्या दिशेला, म्हणजे पडल्यावर ओढ जिकडे बसेल तिकडे, झुकलेला हवा.

एवढी काळजी का, त्याचं कारण फ्रेंडच्या रचनेत आहे. पाकळीची कड अशा कोनात घडवलेली असते की खाली जेवढी ओढ बसते, तिच्या सुमारे दुप्पट जोर दोन्ही भिंतींवर लंब पडतो. कठीण ग्रॅनाइट हा जोर हसत पेलतो. मऊ वालुकाश्मात पाकळीखालचे कण चुरले तर फ्रेंड त्या चुऱ्यावरून रेघ ओढत खाली घसरतो. भेगेचा काठ पोकळ वाजत असेल, किंवा तिथे जुन्या फ्रेंडने पाडलेली घळ असेल, तर अर्धा हात वर-खाली दुसरी जागा घ्या.

आता अंतर. समजा तुमची कंबर जमिनीपासून 7 मीटरवर आहे आणि शेवटचा फ्रेंड 4 मीटरवर. पडलात तर 3 मीटर फ्रेंडपर्यंत आणि 3 मीटर त्याच्याखाली, म्हणजे 6 मीटर. त्यात दोराचा सैलपणा आणि ताण मिळवा, तुम्ही जमिनीवर आहात. म्हणून पहिल्या दहा मीटरमध्ये कंजूषी करू नका, दर दीड-दोन मीटरला एक. वर गेल्यावर अंतर वाढवता येतं. काही लोक खालचा फ्रेंड काढून वर सरकवत नेतात. साधनं कमी असली की ते करावंही लागतं, पण त्या वेळी खाली निदान एक भक्कम फ्रेंड क्लिप केलेला राहिलाच पाहिजे.

हात आणि पाऊल

उजवा पंजा उभा धरा, अंगठा वर. बोटं जुळलेली. पंजा भेगेत मनगटापर्यंत सरकवा आणि अंगठा करंगळीच्या मुळाच्या रोखाने तळव्यात ओढून घ्या. अंगठ्याखालचा मांसल भाग फुगेल. एका भिंतीला बोटांची टोकं आणि तळव्याचा मनगटाजवळचा भाग टेकेल, दुसऱ्या भिंतीला पंजाच्या पाठीवरची हाडं. आता हात सरळ करा आणि त्यावर हळूहळू वजन सोडा. पंजा अडकलेला असेल तर बोटं आवळायची गरजच पडत नाही. दुखतंय पण घसरत नाही, म्हणजे बरोबर बसलाय. घसरतंय आणि म्हणून तुम्ही जोर लावताय, तर बाहेर काढून परत बसवा. ओढ नेहमी भेगेच्या रेषेत, खाली. शरीर मागे टाकून बाहेर ओढलंत तर चांगला बसलेला पंजाही सुटतो.

सरळ उभ्या भेगेत दोन्ही अंगठे वर ठेवा, ते आरामाचं. अरुंद भेगेत, जिथे फक्त बोटं शिरतात, तिथे वरच्या हाताचा अंगठा खाली करून कोपर फिरवला की पिळाने पकड मिळते. सैल भेगेत पंजा ओंजळीसारखा वाकवून हाडं आणि बोटांची टोकं विरुद्ध भिंतींना रेटावी लागतात, आणि हे सगळ्यात दमवणारं काम आहे. मूठ बसत असेल तर ओंजळीच्या नादी लागू नका.

खरं चढणं मात्र पावलांनी होतं. गुडघा बाहेर वळवा म्हणजे पावलाचा तळवा शेजारच्या भिंतीकडे होईल, अंगठा वर, करंगळी खाली. पाऊल भेगेत सरळ ढकला. आता गुडघा पुन्हा भेगेच्या समोर आणा, पाऊल कुलपातल्या किल्लीसारखं फिरतं आणि बसतं. त्यावर उभे राहा. नवा माणूस पाऊल फार उंच टाकतो. मग गुडघा फिरायला जागा उरत नाही आणि सगळं वजन हातांवर येतं. पाऊल नडगीच्या निम्म्यापर्यंतच वर न्या, छोट्या पावलांनी.

क्रम असा ठेवा: पाऊल, पाऊल, हात, हात. हात चेहऱ्याच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नका. खांदे भेगेसमोर, कंबर भिंतीजवळ, दंड सरळ. तीस मीटरमध्ये हीच एक हालचाल कित्येकदा करायची असते. म्हणून पहिल्या पाच मीटरला जो वेग आणि श्वास धराल तोच शेवटी परवडला पाहिजे. दम लागण्याआधी थांबा. दोन्ही पावलं नीट बसवा, एका सरळ हातावर लटका, दुसरा खाली सोडून हलवा, मग अदलाबदल.

पडण्याबद्दल दोन गोष्टी. दोर कधीही पायामागून जाऊ देऊ नका. पडताना तो पायात अडकून माणूस उलटा होतो. आणि हात सुटतोय असं वाटलं तर पावलं भेगेत खोल रुतवून ठेवू नका. अंग खाली गेलं आणि पाऊल वरच अडकलं की घोटा मोडतो. भेगांवरच्या दुखापतींमध्ये हीच सगळ्यात वाईट, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. धीर सुटण्याआधी फ्रेंड लावा, 'टाइट' (दोर ताण) म्हणा आणि त्यावर बसा.

प्रत्यक्ष चढाई

मोआब गावातून 191 महामार्गाने दक्षिणेला सुमारे 65 किलोमीटर, मग 211 रस्त्याने पश्चिमेला. वाटेत न्यूजपेपर रॉक लागतो, प्राचीन कोरीव चित्रांनी भरलेला. त्यापुढे काही मिनिटांत सुपरक्रॅक बट्रेस. पाणी, पेट्रोल, किराणा सगळं मोआब किंवा माँटिसेलोहून आणायचं. मुक्कामाच्या जागांवर पाणी नाही. माणशी दिवसाला निदान पाच लिटर धरा. फोनला रेंजही जवळजवळ मिळत नाही, तेव्हा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र गटात एक तरी असू द्या.

आल्या आल्या सुपरक्रॅकला भिडू नका. जवळच डॉनली कॅन्यन आहे. तिथल्या चॉकलेट कॉर्नर आणि जेनेरिक क्रॅक या 5.9-5.10 च्या मार्गांवर आधी वरून दोर लावून चढा. तिथे पंजाच्या तीन नोंदी खऱ्या दगडावर पडताळता येतात.

सुपरक्रॅक सुमारे 30 मीटरचा, 5.10. 70 मीटरचा दोर घ्या आणि मोकळ्या टोकाला गाठ मारा, ती विसरू नका. दोराचं टोक बिलेच्या साधनातून निसटून माणूस पडल्याचे अपघात जगभर होतात आणि एका गाठीने ते टळतात. फ्रेंड प्रामुख्याने 2 आणि 3 नंबरचे, तळासाठी काही लहान. हार्नेसच्या दोन्ही बाजूंना सारखे वाटून लावा, प्रत्येक फ्रेंड आपापल्या कॅरॅबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या कडीत), नंबरवार. अंधारातही हात बरोबर नंबरावर गेला पाहिजे.

सुरुवातीचा टप्पा मुख्य भेगेपेक्षा वेगळा आणि खटपटीचा आहे. तिथे घाई करू नका, कारण जमीन जवळ आहे. फ्रेंड जवळजवळ लावा आणि बिले देणाऱ्याला भिंतीलगत उभं करा. त्यानंतर भेग सरळ होते आणि वर जाता जाता रुंदावते. मोठ्या पंजाच्या माणसाला मधला भाग चैनीचा वाटतो आणि शेवट किंचित सैल. लहान पंजाच्या माणसाने उलट धरून चालावं: मध्यावर ओंजळ, शेवटी मूठ, त्यामुळे विश्रांती खालीच घ्यायची. वर विश्रांतीची जागा मिळेल या आशेवर राहू नका.

फ्रेंड ओलांडताना एक अडचण येते. भेग एकच, आणि फ्रेंड नेमका हाताची-पावलाची जागा खातो. त्याच्या वरच्या बाजूला पंजा बसवा, पावलं त्याच्या खाली आणि मग थेट वर. फ्रेंडवर पाय दिलात तर तो आत सरकतो आणि सेकंडला काढता काढता घाम फुटतो. सेकंडने नट टूल (अडकलेली साधनं काढायची आकडी) जवळ ठेवावंच.

वरती आणि खाली

मार्गाच्या माथ्यावर बोल्टचा अँकर असतो. तो आधी नजरेने आणि हाताने तपासा. बोल्ट हलतोय का, कडी झिजलीय का. तुमच्यानंतर इतर जण वरून दोर लावून चढणार असतील तर दोर कड्यांमधून घालू नका. स्वतःचे लॉकवाले कॅरॅबिनर लावा आणि त्यातून दोर न्या. वाळूने भरलेला दोर कड्या झपाट्याने कापतो. दोर दगडाच्या काठावरून घासणार नाही असंही बघा. वालुकाश्मावर दोराने पडलेल्या घळी मी पाहिल्या आहेत. त्या पुन्हा भरत नाहीत.

शेवटच्या माणसाने साधनं काढताना आधी दोन्ही बोल्टना स्वतःला स्लिंगने (शिवलेल्या पट्ट्याने) बांधायचं. मग दोराची दुपदरी कडी अँकरच्या दोन्ही कड्यांमधून काढून तिला आठची गाठ मारायची आणि लॉकवाल्या कॅरॅबिनरने हार्नेसच्या बिले लूपला अडकवायची. बिले देणाऱ्याला 'टाइट' सांगून वजन दोरावर आलंय हे बघायचं. त्यानंतरच जुनी गाठ सोडायची, आणि सगळ्यात शेवटी स्लिंग.

ही जमीन कोणाची

इंडियन क्रीक आज बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत आहे. 2016 मध्ये ते जाहीर झालं, 2017 मध्ये छाटलं गेलं आणि 2021 मध्ये पुन्हा पूर्ववत झालं. होपी, नवाहो, झुनी आणि यूट या लोकांची ही पूर्वापारची भूमी आहे. भिंतींवर कोरीव चित्रं आहेत, कपारींत जुनी धान्याची कोठारं आहेत. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्याजवळ चढायचं नाही, चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) तर अजिबात नको. ज्याने रायगडाच्या पायऱ्यांवर रंगवलेली नावं बघून हळहळ केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

वाटेवरची काळपट, फुगीर माती जिवंत असते. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंनी मिळून तो थर बांधलेला असतो, आणि एका बुटाचा ठसा भरून यायला दशकं लागतात. ठरलेल्या पायवाटेवरूनच चाला. शौचाची सोय नसेल तिथे पिशवी वापरा आणि ती बरोबर परत आणा. वसंतात काही भिंतींवर ससाणे आणि गरुड घरटी करतात, त्या भिंती उन्हाळा संपेपर्यंत चढाईसाठी टाळायच्या असतात. निघण्याआधी यादी बघून घ्या.

संध्याकाळी

टेप उतरवला की हात साबणाने धुवा. वाळू जखमेत राहिली की चिघळते. सोललेल्या जागी मलम लावून रात्रभर उघडं ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच मापाच्या भेगेत हात घालायचा तर कातडी साथ देणार नाही, म्हणून एक दिवस पंजाच्या भेगा आणि एक दिवस बोटांच्या, असा फेर धरा. तिसऱ्या दिवशी विश्रांती.

फ्रेंडच्या पाकळ्यांत शिरलेली वाळू मऊ ब्रशने झाडा. घरी आल्यावर कोमट पाण्यात खटका ओढत-सोडत धुवा, पूर्ण वाळवा आणि सांध्यांत मेणाचं वंगण घाला. साधं तेल घालू नका, त्यावर पुढच्या खेपेची वाळू चिकटते. स्लिंगवर वंगण सांडू देऊ नका, आणि शिवण उसवलेली दिसली तर तो फ्रेंड नवी स्लिंग लावेपर्यंत बाजूला काढा.